शुक्राचं यान आणि पांडेसऱ्याचा भास्कर

भास्कर गेल्याचं मला शाळेत कळलं. सातवीच्या वर्गात त्रैराशिक शिकवत होतो. आमचा शिपाई दारातूनच म्हणाला, "सर, पांडेसऱ्याहून फोन होता. तुमचे ते मशीनवाले दोस्त ऑफ थई गया." सुरतेत माणूस मरत नाही, ऑफ होतो. इतकी वर्षं इथे काढल्यावर हा शब्द माझ्या अंगवळणी पडला आहे. पण त्या दिवशी तो ऐकून मनात पहिल्यांदा आला तो राग. दुःख नंतर आलं, संध्याकाळी, सगळं आटोपून घरी आल्यावर… पण आधी राग. कारण माझं त्याच्याशी भांडण चालू होतं, आणि त्याने ते अर्धवट टाकलं होतं. आज पाच आठवडे झाले तरी तो राग पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मी प्रयत्न करतो, पण भास्करने ते कधी सोपं ठेवलं नाही.

भास्कर आणि मी पारोळ्याकडच्या एकाच गावचे. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. आयटीआय करून तो आधी सुरतेला आला, पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या कारखान्यात फिटर म्हणून लागला. मी मागून डी.एड. करून आलो आणि मराठी शाळेत चिकटलो. तो मला कायम 'मास्तर' म्हणायचा, आणि त्या शब्दात आदर औषधालाही नसायचा. त्याच्याकडे होतं ते मशीन म्हणजे लोखंडाचं एक मोठं बंद पिंप. आत पाणी, रंग, आम्ल, एकशेतीस अंशांची उष्णता आणि वरून दाब. त्यात कापड दोरखंडासारखं गरगर फिरत राहतं. चालू असताना झाकण उघडायचं नाही, उघडलं तर माणूस भाजून निघतो. आत काय चाललं आहे ते बाहेरच्या दोन काट्यांवरून ओळखायचं, एक दाबाचा आणि एक तापमानाचा. भास्करचं सगळं आयुष्य त्या दोन काट्यांकडे बघण्यात गेलं, आणि उरलेलं माझं डोकं खाण्यात.

डोकं खायला त्याला विषय मिळाला तो रद्दीत. चौक बाजाराकडच्या एका रद्दीवाल्याकडून तो मशीन पुसायला कागद आणायचा. त्यात एकदा इंग्रजी विज्ञान मासिकांचा गठ्ठा आला. त्यातल्या एका अंकात शुक्रावर उतरलेल्या रशियन यानाचं चित्र होतं. भास्करला इंग्रजी यायचं ते फक्त पंपावरच्या पाटीपुरतं. तो अंक घेऊन माझ्या खोलीवर आला आणि म्हणाला, "मास्तर, वाच." मी शब्दकोश घेऊन बसलो. शुक्रावर साडेचारशे अंशांच्या वर उष्णता, शिसं वितळून वाहील इतकी. हवेचा दाब आपल्यापेक्षा नव्वद पट. वर ढग आहेत ते गंधकाच्या आम्लाचे. एवढं सोसून ते यान दोन तास चाललं आणि मग बंद पडलं. मला वाटलं, तो म्हणेल, बापरे. तो म्हणाला, "दोन तास? ग्लँडला काय लावलं व्हतं त्यास्नी?"

ग्लँड म्हणजे जिथून दांडा किंवा वायर मशीनच्या बाहेर येते तिथली बंदिस्ती. भास्करचं म्हणणं असं की, पिंप जाड करणं कुणालाही जमतं. अडचण असते ती भोकाची. आतली खबर बाहेर यायला भोक ठेवावं लागतं, आणि आम्ल, वाफ, दाब सगळे तिथेच तोंड लावून बसलेले असतात. हे त्याने मला त्या रात्री सांगितलं, दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि पुढची कित्येक वर्षं सांगितलं. एकदा तर त्याने माझ्याकडून अमेरिकेच्या अवकाशवाल्यांना इंग्रजीत पत्र लिहून घेतलं की, तुम्ही ग्रॅफाइटची दोरी वापरून बघा, आमच्याकडे ती टिकते. तीन महिन्यांनी उत्तर म्हणून शुक्राचा एक छापील फोटो आला, सोबत आभाराच्या दोन ओळी. दोरीबद्दल चकार शब्द नाही. भास्कर म्हणाला, "देख, नही म्हनेल नही शेत." म्हणजे, नाही म्हणालेले नाहीत! फोटो त्याने कारखान्यात दाबाच्या काट्याशेजारी चिकटवला.

नव्वद साली अमेरिकेचं नवं यान शुक्राभोवती फिरायला लागलं, आणि माझे हाल सुरू झाले. हे यान खाली उतरणारं नव्हतं. वरूनच घिरट्या घालत, ढगांच्या आरपार रेडिओच्या लहरी सोडून जमिनीचा नकाशा काढणारं होतं. त्याला थाळी एकच. घिरटीच्या एका भागात ती थाळी खाली शुक्राकडे, आणि मग सगळं यान वळवून तीच थाळी पृथ्वीकडे, काय पाहिलं ते सांगायला. ऑगस्टमध्ये ते पोहोचल्या पोहोचल्या दोनदा गप्प झालं. भास्करने दोन रात्री रेडिओ कानाला लावून काढल्या. मी म्हटलं, "अरे, तुझं काय जातंय? तुझ्या बापाचं यान आहे का?" तो म्हणाला, ते लोक इकडून हुकूम पाठवत राहिलेत, उत्तर येत नसलं तरी. कारण त्याला बोलता येत नसेल, पण ऐकू येत असेल. आणि खरंच, दोन्ही वेळा काही तासांनी ते सापडलं. भास्करने सगळ्या पाळीला चहा पाजला, जणू त्यानेच ते हुडकलं होतं.

त्याच साली माझं लग्न ठरलं. मुलगी चोपड्याजवळच्या एका खेड्यातली, नाव रेखा. तिचे वडील, म्हणजे आमचे अण्णा, शेती आणि पंचांग ही दोन्ही पोटच्या पोरांसारखी सांभाळणारे. आम्हा सुरतवाल्यांना सुट्टी मिळते ती दिवाळीत, तेव्हा कारखाने बंद असतात आणि सगळा खानदेश गावाकडे जातो. म्हणून लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेच करायचं ठरलं. अडचण एवढीच होती की, त्या दिवसांत शुक्राचा अस्त होता, आणि अस्तात लग्न करत नाहीत. पण गुरुजींनी काढीव मुहूर्त काढून दिला होता, अण्णांनी मान डोलावली होती, हॉलपासून आचाऱ्यापर्यंत सगळं पक्कं होतं. दसऱ्याच्या सुमारास शेवटची बैठक झाली. मी भास्करला सोबत नेलं. आयुष्यात मी बऱ्याच चुका केल्या, त्यातली ही सगळ्यात मोठी.

पोहे झाले, चहा झाला. उठायच्या वेळी रेखाचे एक चुलते तोंडातल्या तोंडात पुटपुटले, "अस्तमा लगीन म्हंजे…" कुणी लक्ष दिलं नाही. भास्करने दिलं. त्याला वाटलं, मित्राच्या लग्नात विघ्न नको, आपण शंका फेडून टाकावी. तो पुढे सरसावला आणि म्हणाला, "अण्णा, अस्त म्हंजे काहीच नही. शुक्र सूर्याना मांगे जास, बस. आमेरिकाना लोकेसनं यान शे तठे. सूर्य आडा येस म्हनीसन त्यास्नी बी पंधरा दिन काम बंद ठेवानं ठरायेल शे. यानसंगे बोलता येत नही ना!"

अण्णांनी हातातली बशी खाली ठेवली.

"काय सांगी ऱ्हायनात? आमेरिकावाला बी अस्तमा काम बंद ठेवतस?"

"हा ना. बंदच. सूर्यानी आडकाठी येस."

"आनि आपन लगीन करानं?" अण्णा गुरुजींकडे वळले. "नही भो. जमाव नही."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, ते असं. भास्कर पुढे अर्धा तास समजावत होता. सूर्यामुळे रेडिओच्या लहरींत खरखर येते, शुक्राला काही होत नाही, तो आहे तिथेच असतो. जितकं समजावलं तितके अण्णा घट्ट झाले. त्यांच्या दृष्टीने पंचांगावर खुद्द अमेरिकेने शिक्का मारला होता. अस्त सुटेपर्यंत मार्गशीर्ष, पुढे पौष, पौषात लग्न नाही. म्हणजे थेट माघ. माझं लग्न तीन-साडेतीन महिने पुढे गेलं, आणि तेही एका यानामुळे. हे आजही कुणाला सांगितलं तर लोक हसतात. तेव्हा मला हसू येत नव्हतं, कारण दिवाळीनंतर कानावर आलं की, रेखासाठी एका तलाठ्याचं स्थळ चालून आलं आहे. तलाठी म्हणजे गावातली सरकारी नोकरी. मी म्हणजे सुरतेतला भाड्याच्या खोलीतला मास्तर. चुलत्यांनी तर उघडच म्हणायला सुरुवात केली होती की, मुहूर्तच पुढे ढकलला गेला म्हणजे देवाच्या मनात काही वेगळं दिसतंय. आणि खरं सांगतो, रेखा मला फार आवडली होती. एकदाच पाहिली होती, पण आवडली होती.

मी भास्करशी बोलणं सोडलं. पक्का अबोला. शेजारच्या गल्लीत राहायचा, त्याचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं, तरी पाळी सुटली की हा गृहस्थ रोज माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसायचा. मी भिंतीकडे तोंड करून वह्या तपासायचो. तो बोलायचा. मशीनचं काय झालं, यानाचं काय चाललं, सुमनवहिनींनी भाजीत मीठ कसं घातलं नाही… तासभर एकटाच. मी हूं की चूं करायचो नाही. तो गेला की खोली इतकी रिकामी वाटायची की मला त्याचाही राग यायचा. एकदा न राहवून मी ओरडलो, "भीक नको पण कुत्रं आवर! मी बोलत नाहीये, कळत नाही का तुला?" तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "कळस ना. म्हनीसन तर मी बोलस. यान गप व्हयनं का आपन जास्ती बोलानं ऱ्हास. आपन बी गप बसनूत तर ते सापडाव कसं?"

यावर मी वही फेकली. पण ते वाक्य लक्षात राहिलं.

पुढच्या आठवड्यात तो चार दिवस दिसला नाही. मला वाटलं, सुटलो. तर हा पठ्ठ्या मला न सांगता अण्णांच्या गावी जाऊन बसला होता. तिथे काय बोलला ते मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. एवढं कळलं की, यान पुन्हा बोलायला लागल्याची बातमी त्याने अण्णांना दिली, आणि अण्णांनी पंचांग उघडून सांगितलं की, त्यांचं बोलायला लागलं असेल, आमचा अस्त अजून बाकी आहे. मग भास्करला विहिरीवरचा पंप गळताना दिसला. ग्लँडच गळत होती, दुसरं काय गळणार! त्याने दोन दिवस विहिरीत उतरून ती नवीन दोरी भरून बसवली. वर येऊन अण्णांना म्हणाला, "मी जसा शे तसाच मना मास्तर शे. फक्त तो कमी बोलस." अण्णांनी तलाठ्याला नकार कळवला. माघात आमचं लग्न झालं. त्या दिवसापासून अण्णांचा खरा जावई भास्कर. मला पत्र लिहिलं तरी शेवटी विचारायचे, भास्करराव आणि यान कसे आहेत?

यान चार वर्षं चाललं. पुढे पुढे ते तापायला लागलं, तेव्हा चालवणाऱ्यांनी त्याला मधून मधून थाळीच्या सावलीत लपवून थंड करायची युक्ती काढली. भास्कर त्याला 'जेवणाची सुट्टी' म्हणायचा. शेवटी चौऱ्याण्णवच्या ऑक्टोबरात, सुरतेत प्लेगची पळापळ झाली त्याच दिवसांत, त्यांनी ते मुद्दाम खाली शुक्राच्या हवेत उतरवलं. त्याचे सौर पंख पवनचक्कीसारखे तिरके करून, हवा किती ढकलते ते मोजत मोजत. मरता मरताही ते मोजमाप पाठवत राहिलं आणि मग गेलं. सगळा पांडेसरा गावाकडे पळाला होता, आम्हीही पळालो होतो, आणि हा शहाणा तोंडाला रुमाल बांधून बंद कारखान्यात मशीनची पॅकिंग बदलत बसला होता. आम्ही परतलो तर दाढी वाढलेली, डोळे लाल. मला वाटलं, आजारी पडला. तो म्हणाला, "यान गयं, मास्तर." त्या वेळी सुरतेत माणसं मेली होती आणि याला यानाचं दुःख! मी त्याला फार बोललो. मला तेव्हा कळलं नाही की एकटा राहून तो घाबरला होता आणि त्याला ते दुसऱ्या शब्दांत सांगता येत नव्हतं.

आता शेवटचं भांडण. गेल्या पावसाळ्यापासून त्याला छातीत दुखायचं. गॅस आहे म्हणायचा. ज्या माणसाने कारखान्यात काट्याची सुई जरा अडकली तर पाळी थांबवली, त्याने स्वतःचा दाब एकदाही मोजला नाही! सांगून सांगून थकलो, पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी शाळेतून अर्धी रजा टाकली, हृदयाच्या डॉक्टरकडे नंबर लावला आणि दोन तास त्याची वाट बघत बसलो. आला नाही. मशीनच्या झाकणाची गॅस्केट गेली होती म्हणे. मी सरळ त्याच्या कारखान्याच्या फाटकावर गेलो आणि दहा माणसांसमोर म्हणालो, "आता तुझं तू बघ. स्वतः येऊन माझ्याशी बोलशील तेव्हाच मी बोलेन." तो हसला. हसून म्हणाला, "येस ना."

आला नाही. एकोणीस दिवस. मी मनात म्हणत होतो, या खेपेला मी हलणार नाही, येऊ दे त्याला भेस्तानला आमच्या नव्या घरी, चढू दे तीन मजले, बसू दे उंबऱ्यावर. रेखा रोज म्हणायची, "तुम्ही जाऊन या ना हो." मी म्हणायचो, "दर वेळी मीच का?" हे मी का म्हणत होतो देव जाणे, कारण मी कधीच गेलो नव्हतो. दर वेळी तोच आला होता. विसाव्या दिवशी शिपाई वर्गाच्या दारात उभा राहिला.

दहाव्याच्या दिवशी आमच्या इमारतीखालच्या पानवाल्याने मला थांबवलं. म्हणाला, "मास्तर, तमारा भाईबंध तो रोज आवता हता. अहीं ओटले बेसीने जता रहेता." रोज येत होता. ओट्यावर बसायचा आणि निघून जायचा. तीन मजले त्याला चढवत नव्हते, आणि खालून हाक मारली तर मी वरून विचारलं असतं, वर का येत नाहीस? मग छातीचं सांगावं लागलं असतं. साडेचारशे अंशांत खबर बाहेर कशी काढायची यावर ज्याने माझी इतकी वर्षं खाल्ली, त्याला स्वतःच्या आतली एक गोष्ट तीन मजले वर पोचवता आली नाही. आणि मी, ज्याला त्याने ते वाक्य उंबऱ्यावर बसून शिकवलं होतं, मी वर तोंड फुगवून बसलो होतो. याचा राग मी आता कुणावर काढू?

सुमनवहिनी तेव्हापासून बोलत नाहीत. मुलांपुरतं, स्वयंपाकापुरतं बोलतात, बाकी गप्प. रडल्याही नाहीत. त्यांची बहीण म्हणाली, डॉक्टरांना दाखवू. मी म्हटलं, थोडं थांबा. आणि दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की भेस्तानला न जाता पांडेसऱ्याला जायला लागलो. त्यांच्या घरी उंबऱ्याशी बसतो आणि बोलतो. मला बोलता येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. शाळेतलं राजकारण, सातवीतल्या पोरांचे पेपर, रेखाच्या आईची गुडघेदुखी, म्युनिसिपालिटीचं पाणी किती वाजता येतं. विषय संपले की पाढे म्हणावेत असं वाटतं. वहिनी तांदूळ निवडत असतात, मान वर करत नाहीत. माझा मलाच वीट येतो. त्याला कसं जमत होतं, त्या माणसाला वीट येत नव्हता का… पण उठलो नाही. महिना होत आला.

परवा मी त्यांना आमच्या हेडमास्तरांची बदली रद्द कशी झाली ते सांगत होतो. मलाही त्यात रस नव्हता. अर्धा तास झाला असेल. वहिनींनी सूप बाजूला ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि वैतागून म्हणाल्या, "भाऊजी, ते निदान मधे पाणी प्यायला तरी थांबायचे हो."

मी पाणी मागितलं. त्या उठल्या.